गल्ला कमी का भरतो? दवाखान्याच्या काउंटरवर शिकलेले बिलिंगचे सहा नियम



व्हिडिओत वेळेअभावी जे आकडे भराभर सांगितले, ते इथे सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा. आजचं उदाहरण दवाखान्याचं आहे. "सर, आमचा तर ब्यूटी पार्लर आहे, आमचं मोबाईल रिपेअरिंग आहे, आम्हाला डॉक्टरांचं काय?" असं म्हणू नका. दवाखाना म्हणजे सेवा देऊन फी घेणारा धंदाच. तिथे वजन-माप नाही, शिल्लक माल मोजून चोरी पकडता येत नाही. म्हणूनच तिथला हिशोब शिकलात, तर कुठल्याही सेवा व्यवसायाचा हिशोब जमेल.

आधी गोष्ट

तालुक्याच्या गावातले एक डॉक्टर. स्वतःची ओपीडी, काउंटरवर एक ताई, सात-आठ वर्षांपासून कामाला. डॉक्टरांनी मला बोलावलं आणि दार लावून म्हणाले, "रोज चाळीस पेशंट. फी दोनशे. आठ हजार व्हायला पाहिजेत. पाच-साडेपाचच्या वर जमत नाहीत. मला ताईंवर संशय आहे. पहिल्यापासून काढून टाकणार आहे."

मी म्हटलं, "डॉक्टर, काढायचं तर काढा, पण मला एक दिवस द्या. पेशंटला तपासल्याशिवाय तुम्ही औषध लिहिता का?"

दुसऱ्या दिवशी मी काउंटरच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. येणारा प्रत्येक पेशंट वहीत लिहिला. रात्री बेरीज केली ती अशी:

- नवीन पेशंट, पूर्ण फी २०० रुपये: २२ जण, ४,४०० रुपये
- आठवड्याच्या आत पुन्हा दाखवायला आलेले, १०० रुपये: १० जण, १,००० रुपये
- "राहू दे, यांच्याकडून घेऊ नका" असं डॉक्टरांनी आतून सांगितलेले: ५ जण, ० रुपये
- "पुढच्या वेळी देतो" म्हणणारे: ३ जण, ६०० रुपये उधार

पेशंट चाळीसच. पण जमा झाले ५,४०० रुपये. आता फरक बघा. ८,००० वजा ५,४०० म्हणजे २,६००. फेरतपासणीची सवलत १,०००, मोफत तपासलेले १,०००, उधारी ६००. बेरीज २,६००. एक रुपयाही इकडे-तिकडे नाही!

आता गल्ला. ५,४०० पैकी ३,१०० यूपीआयने आले, २,३०० रोख. सकाळी सुट्ट्यांसाठी ठेवलेले ५००. दिवसभरात चहा, कापूस, झेरॉक्स यांवर १८० खर्च. म्हणजे गल्ल्यात २,६२० हवेत. मोजले तर २,१२०. पाचशे कमी!

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी वही पुढे केली. दुपारी दीडच्या नोंदीसमोर लिहिलं होतं: "डॉक्टर स्वतः, घरी जाताना, ५००." ते विसरूनही गेले होते.

डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर ताई झाडू मारत होत्या. विचार करा, ही एक दिवसाची वही लिहिली नसती, तर एका बाईची नोकरी आणि गावातलं तिचं नाव, दोन्ही गेलं असतं. म्हणून मी नेहमी सांगतो, हिशोब हा फक्त पैशासाठी नसतो. आपण माणसांवर अन्याय करू नये, म्हणूनही तो असतो.

नियम १: फी आधी सांगा, आणि भिंतीवर लिहा

डॉक्टरांसाठी ही नुसती चांगली सवय नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलंय की डॉक्टरने आपली फी आणि इतर आकार फलकावर स्पष्ट लावावेत, आणि उपचार सुरू झाल्यावर नव्हे तर आधीच सांगावेत. आमच्या डॉक्टरांच्या भिंतीवर आता चार ओळी आहेत: नवीन तपासणी, सात दिवसांच्या आत फेरतपासणी, इंजेक्शन, ड्रेसिंग.

तुमच्या धंद्यात दरपत्रक लावायची लाज वाटते का? दर लपवला की गिऱ्हाईक घासाघीस करतं. दर लिहिला की निम्मी घासाघीस तिथेच संपते.

नियम २: काम लिहिणारा वेगळा, पैसे घेणारा वेगळा

डॉक्टर केसपेपरवर लिहितात: "तपासणी, इंजेक्शन १". ताई तो कागद बघून पैसे घेतात आणि पावती फाडतात. डॉक्टर पैशाला हात लावत नाहीत, ताई दर ठरवत नाहीत. संध्याकाळी केसपेपर, पावतीपुस्तक आणि जमा पैसे, तिन्ही जुळले पाहिजेत. दुकानात तुम्ही एकटेच असाल तर पावतीपुस्तक हाच तुमचा दुसरा माणूस समजा.

पावतीवर अनुक्रमांक छापलेला हवा. एखादी पावती रद्द झाली तर फाडून टाकू नका. "रद्द" लिहून पुस्तकातच ठेवा. आणि ५,००० रुपयांपेक्षा जास्त रोख रकमेच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टँप लावायचं, हे बरेच जण विसरतात.

नियम ३: सवलत द्या, पण लिहून द्या

गरीब पेशंटला मोफत तपासणं ही डॉक्टरांची माणुसकी आहे. ती बंद करा असं मी कधीच सांगणार नाही. पण वहीत नाव लिहा, पुढे "मोफत" लिहा. महिन्याच्या शेवटी कळू दे की आपण किती दिलं. न लिहिलेली सवलत पुढे चोरीसारखी दिसते आणि संशय काउंटरवरच्या माणसावर जातो.

नियम ४: उधारीला तारीख हवी

१९६१ च्या आयकर कायद्याखालच्या नियमांत डॉक्टरांसाठी 'फॉर्म ३सी' नावाची रोजची केस नोंदवही ठरवून दिलेली होती. तिचे रकाने बघा: तारीख, अनुक्रमांक, पेशंटचं नाव, कोणती सेवा दिली, फी किती मिळाली, आणि फी मिळाल्याची तारीख. तारखा दोन आहेत, लक्षात आलं? सेवा दिली ती एक, पैसे मिळाले ती दुसरी. दुसरा रकाना कोरा, म्हणजे उधारी. इतकी सोपी युक्ती आहे! एक साधी वही घ्या, हेच सहा रकाने आखा. आजपासून.

उधारी मागताना मात्र जपून. दवाखान्यात "तुमच्या अमुक आजाराचे दोनशे राहिले" असं चारचौघांत बोलायचं नाही, मेसेजमध्येही लिहायचं नाही. "मागील भेटीची फी बाकी आहे, सवडीने द्यावी" एवढंच पुरे.

नियम ५: अपवाद आधी ठरवा

"आधी फी, मग नंबर" हा नियम ओपीडीत चालतो. पण अपघातातला माणूस दारात आला तर? परमानंद कटारा प्रकरणात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे. तिथे आधी उपचार, बिल नंतर. हे काउंटरवरच्या माणसाला आधीच सांगून ठेवलेलं असावं. ऐन वेळी त्याने "साहेबांना विचारून येतो" म्हणू नये.

तुमच्याही धंद्यात असे अपवाद असतात. ते कोणते, आणि निर्णय कोण घेणार, हे कागदावर लिहून ठेवा.

नियम ६: घराचा खिसा वेगळा, धंद्याचा वेगळा

आमच्या डॉक्टरांचा क्यूआर कोड घरच्या बचत खात्याला जोडलेला होता. त्याच खात्यातून किराणा, मुलांची फी, कारचा हप्ता. मग दवाखान्याने काय कमावलं हे कळणार कसं? आता दवाखान्याचं चालू खातं वेगळं आहे. घरासाठी डॉक्टर महिन्याला ठरलेली रक्कम काढतात. गल्ल्यातून मध्येच घेतले, तर "मालक उचल" म्हणून चिठ्ठी टाकतात. मालकालाही चिठ्ठी. सूट नाही!

कराचं थोडक्यात

डॉक्टरांच्या उपचार सेवेला जीएसटीतून सूट आहे. निव्वळ सौंदर्यासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी किंवा केस रोपण मात्र त्या सूटीत बसत नाही. पण "जीएसटी नाही म्हणजे बिल नको" हा समज चुकीचा आहे. आयकरासाठी जमेची नोंद लागतेच. शिवाय पेशंटला विम्याचा दावा करायचा असेल तर नीट पावती लागते. तुमच्या धंद्याला नेमकं काय लागू होतं, ते तुमच्या सीएंना एकदा बसून विचारा.

आता तुमचा गृहपाठ

फक्त एक दिवस करा. उद्या येणारं प्रत्येक गिऱ्हाईक लिहा: पूर्ण दर, सवलत, मोफत, उधार. रात्री मनातला आकडा आणि वहीतला आकडा शेजारी-शेजारी ठेवा. मधला फरक कुठे गेला ते ओळीने लिहा. फरक पूर्ण सापडेपर्यंत कुणावरही बोट दाखवू नका.

आणि हो, गोष्टीचा शेवट राहिला. त्या रात्री डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, माझाच हिशोब चुकत होता." ताईंना तोवर कळलंही नव्हतं की त्यांच्यावर संशय होता. त्या म्हणाल्या, "होय का? मी तर कधीची सांगतेय सर, वही घाला म्हणून."

तुमच्या काउंटरवरचा माणूसही बहुतेक हेच कधीपासून सांगत असेल. एकदा ऐकून बघा.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत लिहीत राहा, मोजत राहा!