समोरची बारी

गेल्या पौषात बोरिवलीच्या एका भजनी मंडळाचे तरुण बुवा आमच्याकडे आले. नमस्कार झाला, चहा झाला, पण माणूस काही मोकळा होईना. शेवटी म्हणाले, "महाराज, येत्या शनिवारी डबलबारी आहे. समोर जे बुवा बसणार आहेत त्यांनी मागच्या खेपेला आम्हांला भर मंडपात खाली पाहायला लावलं. यंदा त्यांची जिरवायची आहे. पुराणातला असा एखादा प्रश्न द्या, की त्यांना उत्तरच सापडू नये."

प्रश्न देणे अवघड नव्हते. सारे आयुष्य पोथ्यांत गेले. अडवून टाकणारे दहा प्रश्न मी बसल्या जागी काढून दिले असते. परंतु त्या मुलाच्या तोंडचा 'जिरवायची' हा शब्द कानांवर पडला आणि मला माझेच एक जुने पाप आठवले. म्हणून प्रश्न न देता मी त्याला दोन तास बसवून घेतले. त्याला जे सांगितले तेच भाविक वाचकांपुढे ठेवतो.

डबलबारी म्हणजे काय, हे घाटकोपर-मुलुंडकडच्या वाचकांना सांगावयास नकोच. देशावरच्या वाचकांसाठी दोन शब्द. कोकणातून, विशेषतः सिंधुदुर्गातून आलेल्या मंडळींनी हा प्रकार मुंबईत रुजविला. दोन मंडळे समोरासमोर बसतात. प्रत्येकाची पेटी, पखवाज, झांज वेगळी. एका बुवाची बारी झाली की दुसऱ्याची. अभंग, गजर, गौळण होतात. आणि मधेच एक बुवा पुराणातला प्रश्न टाकतो, त्याचे उत्तर दुसऱ्याने आपल्या बारीत द्यावयाचे. फलकावर 'जंगी सामना' असे लिहिलेले असते. आमच्यातील जुने लोक याकडे नाक मुरडतात, आणि अगदीच उगीच मुरडतात असे नाही. कारण कित्येकदा प्रश्न पुराणावरून घसरून समोरच्याच्या घरादारावर जातो. पण मूळ प्रकारात वाईट काही आहे, असे मला वाटत नाही. तालमीत मल्लाला जोड लागते. जोडीशिवाय एकटा जोर-बैठका मारून कोणी कुस्ती शिकलेला नाही.

आता शब्दांकडे पाहू. धातुपाठात 'स्पर्ध्' धातूचा अर्थ संघर्ष असा दिला आहे, आणि कौमुदीकार त्या संघर्षाची फोड दुसऱ्यावर मात करण्याची इच्छा अशी करतात. म्हणजे जिंकावेसे वाटणे हे स्पर्धेच्या पोटातच आहे. ते काढून टाका म्हणणे म्हणजे विस्तवातून ऊब काढा म्हणणे. परंतु अमरसिंहाने मत्सर वेगळा काढून ठेवला आहे. दुसऱ्याच्या शुभाचा द्वेष, तो मत्सर. आणि असूया? दुसऱ्याच्या गुणांवरही दोष लादणे, ती असूया. पाहा, किती बारीक भेद! मला पुढे जावयाचे आहे, ही स्पर्धा. तो पुढे गेला हे मला खुपते, हा मत्सर. आणि तो पुढे गेलाच नाही, लोकच मूर्ख आहेत, असे मी म्हणू लागलो की ती असूया. पहिलीतून तिसरीत उतरायला एक सप्ताह पुरतो. अनुभवाने सांगतो.

सन १९९६ ची गोष्ट. घाटकोपरला डोंगरावरील वस्तीत हरिनाम सप्ताह होता. मी नुकताच चाळिशीकडे झुकलेलो. व्याकरण, न्याय झालेला. अंगात विद्येची थोडी गुर्मी. माझे कीर्तन पाचव्या दिवशी. तिसऱ्या दिवशी ज्यांचे होते ते माझ्याच वयाचे, शाळा जेमतेम झालेले, पण त्यांच्या कीर्तनाला माणूस मावले नाही म्हणे. लोक जिन्यांवर आणि पत्र्यांवर बसले होते. माझ्या वेळी मंडप भरला, परंतु पत्र्यावर कोणी चढले नाही. ते माझ्या डोळ्यांनी टिपले. आणि उभ्या कीर्तनात, नारदाच्या गादीवरून, माझ्या तोंडून निघून गेले, "हल्ली काही जणांचे कीर्तन गळ्यात असते, डोक्यात नसते." लोक हसले. मला बरे वाटले.

कीर्तन संपल्यावर एक म्हातारे टाळकरी जवळ आले. १९८२ च्या संपात गिरणी सुटलेला माणूस. पाया पडले, आणि हळूच म्हणाले, "महाराज, एक विचारू? परवा त्यांनी काय निरूपण केलं, ते तुम्ही ऐकलंत का?"

"नाही."

"मग ते गळ्यावर वेळ मारून नेतात, हे कशावरून?"

मी म्हणालो, "लोक सांगतात."

ते म्हणाले, "लोक म्हणजे मीच की. मी नाही सांगितलं."

वाचकहो, मी न्यायशास्त्र शिकलेला माणूस. गौतमांनी न्यायसूत्रांत वादात हरण्याची बावीस ठिकाणे सांगितली आहेत; त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. त्यांतले एक अननुभाषण. समोरच्याने तीनदा सांगितलेले आणि सभेला समजलेले म्हणणे जो स्वतःच्या तोंडाने परत बोलून दाखवू शकत नाही, तो तेथेच हरला. उत्तर पुढची गोष्ट. आधी समोरच्याचे म्हणणे नीट परत सांगता आले पाहिजे. पाठशाळेत आम्हांला रोज हेच करावे लागे. सहाध्यायी जे बोलला त्याचा आधी अनुवाद, तो मान हलवील तेव्हाच आपले खंडन. अनुवाद चुकला की गुरुजी म्हणत, "खाली बस." त्या दिवशी घाटकोपरच्या डोंगरावर एका गिरणीकामगाराने मला खाली बसविले, आणि त्याला सूत्राचे नावही ठाऊक नव्हते.

त्याच शास्त्रात कथेचे तीन प्रकार आहेत: वाद, जल्प, वितंडा. तत्त्व कळावे म्हणून बोलणे हा वाद; तो शिष्य, गुरू, सहाध्यायी यांच्याशी करावा. जिंकण्यासाठी बोलणे हा जल्प. आणि स्वतःचे काही न मांडता केवळ दुसऱ्याचे पाडणे ही वितंडा. भगवंतांनीही गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना वादालाच आपले रूप म्हटले आहे. जल्प आणि वितंडा गौतमांनी अगदीच टाकून दिल्या नाहीत. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात तसा त्यांचा उपयोग ते सांगतात. पण कुंपण हे बांधावर लावायचे असते, बरं का. शेतात कोणी काटे पेरीत नाही.

असो. पुढे दोन महिन्यांनी त्याच कीर्तनकारांचे कीर्तन मुलुंडला होते. मी गेलो. कोणी ओळखू नये म्हणून कानटोपी घातली आणि चपला ठेवतात त्या जागेजवळ, मागे बसलो. पहिली घटका मी चुका शोधण्यातच घालविली. एक सापडलीही, एका सामासिक शब्दाचा विग्रह त्यांनी चुकीचा केला. मला जो आनंद झाला, तो आजही आठवला की लाज वाटते. शंभर माणसे विठ्ठलनामात रंगली आहेत, आणि हा पंडित चपलांपाशी बसून एका समासावर खूश!

मग हळूहळू ऐकू येऊ लागले. त्यांचा गळा गोड होता हे खरे, पण लोक गळ्यासाठी पत्र्यावर चढत नव्हते. ते दृष्टांत सांगत आणि थांबत. एक अक्षर जास्त बोलत नसत. टाळकरी चाल उचलीत, पखवाज भरे, आणि तेवढ्या वेळात दृष्टांताचे दार्ष्टांतिकाशी नाते श्रोता स्वतःच जुळवून घेई. माझ्याशेजारी एक मासळीवाली बाई बसली होती. चालीच्या मधेच तिने मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला. मी मात्र दृष्टांत सांगून तो दोनदा फोडून दाखवीत असे, वर तीन संस्कृत वचने. म्हणजे जेवणाऱ्याला घास भरवायचा, आणि त्याच्या वतीने चावायचाही! श्रोत्यावर माझा विश्वास नव्हता, त्यांचा होता. एवढाच फरक.

कीर्तन संपल्यावर भेटलो. समासाची चूक सांगितल्यावाचून राहवले नाही. निदान एकांतात सांगितली, एवढे पुण्य. त्यांनी खिशातून चिटोरे काढून लिहून घेतले. मी मात्र, त्यांच्याकडून काय घेतले, ते बोललो नाही. वर्षभर मी माझ्या कीर्तनांत दृष्टांतानंतर थांबू लागलो. लोक म्हणू लागले, महाराजांचे कीर्तन खुलले. मी मान डोलवीत असे. मग एकदा कळले की त्यांनी एका मोठ्या सप्ताहात, गादीवरून, तो शब्द नीट फोडून सांगितला आणि हा अर्थ मला अमक्यांनी शिकविला असे माझे नाव घेऊन म्हटले. त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या वर्षी घाटकोपरच्याच सप्ताहात मी त्यांचे नाव घेऊन, तीन वर्षांपूर्वीच्या त्या वाक्यासकट, सर्व सांगितले. पण ते म्हातारे टाळकरी तोवर गावी निघून गेले होते. ज्यांनी ऐकावयास हवे होते त्यांना ते ऐकविण्याचे राहिले ते राहिलेच.

आपल्या संप्रदायात हा धडा फार जुना आहे. गोरोबाकाकांच्या घरी संत जमले. मुक्ताईने विचारले, यातली मडकी पक्की किती? काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारले. सगळे गप्प बसले. नामदेवराय तेवढे रागावले, आणि कच्चे ठरले. रुसून पंढरीस गेले, देवापाशी गाऱ्हाणे केले. देवानेही तेच सांगितले. मग देवाने त्यांना पाठविले कोणाकडे? विसोबा खेचरांकडे. आणि हे विसोबा कोण? मूळचे आळंदीतले चारही भावंडांचे विरोधक. मुक्ताईला मांडे भाजायला कुंभाराकडून खापर मिळू दिले नाही ते हेच. ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजलेले पाहिले आणि वैर संपले, अशी कथा महिपतिबुवांनी गायिली आहे. म्हणजे विरोधक शिष्य झाला, आणि तोच नामदेवरायांचा गुरू झाला. तुकोबांच्या काळी वाघोलीच्या रामेश्वर भटांचेही असेच. आधी वह्या बुडविण्यास कारण झाले, आणि पुढे तुकोबांची आरती त्यांनीच रचली. ती आपण आजही म्हणतो.

पण मला या सगळ्यांत नामदेवराय मोठे वाटतात ते वेगळ्याच कारणाने. ज्या मेळ्यात त्यांना कच्चे म्हटले गेले, त्या भावंडांचे चरित्र पुढे कोणी सांगितले? आदि, तीर्थावळी आणि समाधी ही प्रकरणे नामदेवरायांच्या नावावर आहेत. ज्ञानदेवांच्या समाधीचा प्रसंग आज आपण डोळ्यांपुढे पाहतो तो त्यांच्या शब्दांतून. ज्यांच्यापुढे कमी ठरलो त्यांचे मोठेपण इतके नेमके, पदरचा एकही दोष न लावता, परत सांगणे! शास्त्रकारांना अनुभाषण शब्दांचे अभिप्रेत होते. नामदेवरायांनी ते अख्ख्या आयुष्याचे केले.

हल्ली मात्र उलटे पाहतो. दोन तासांच्या कीर्तनातले अर्ध्या मिनिटाचे तुकडे मोबाइलवर फिरतात, आणि त्या तुकड्यावर दुसरे बुवा तासभर टीका करतात. मूळ कीर्तन कोणी ऐकलेले नसते. तेच १९९६ चे माझे पाप, फक्त आता ते घाटकोपरच्या डोंगरावर राहत नाही, गावोगाव जाते. समोरचा चुकत असेल तर चुकतो म्हणावे. मी काही सर्वांना गोड बोला म्हणणारा नव्हे. पण आधी त्याचे म्हणणे असे सांगा, की त्यानेच म्हणावे, "होय, मी असेच म्हणालो."

कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्यांत एक फड शक्तीचा, एक शिवाचा. रात्रभर भांडतात, कोण श्रेष्ठ म्हणून. ज्ञानोबारायांचे अमृतानुभव तर शिव-शक्ती वेगळे काढताच येत नाहीत, येथूनच सुरू होते. रात्रभर भांडून पहाटे एकाच चुलीवरचा चहा पिणारे ते दोन्ही फड पाहिले की मला ते प्रकरण शिकवायला सोपे जाते.

तर त्या बोरिवलीच्या मुलाला मी प्रश्न दिला नाही. एक काम दिले. म्हटले, "समोरचे बुवा प्रश्न टाकतील तो तुझ्या बारीत आधी जसाच्या तसा, त्यांच्याच शब्दांत सांग. त्यांनी चांगले काय गायिले तेही सांग. मग उत्तर दे." त्याचा चेहरा पडला. "महाराज, मग मी त्यांचीच जाहिरात करू?" मी म्हणालो, "करून तर बघ."

शनिवार झाला. सोमवारी रात्री त्याचा फोन आला. टाळ्या समोरच्यांनाच जास्त पडल्या होत्या. मुलाचा आवाज उतरलेला. उत्तर बरोबर आले होते, पण गौळणीत ते बुवा पुढे निघून गेले. मी विचारले, "मग ती गौळण कशी घेतली त्यांनी?" तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग फोनवरच गुणगुणून दाखवू लागला. दुसऱ्या कडव्यात अडला. म्हणाला, "इथे ते कुठे वळले, ते लक्षात नाही आलं." मी म्हटले, "त्यांनाच विचार ना." तो म्हणाला, "तेच येणार आहेत गुरुवारी आमच्याकडे. मी सांगितलेलं उत्तर कोणत्या पोथीत आहे, ते त्यांना पाहायचंय."