शेवटचा खिळा

एक जुने छायाचित्र आहे. ते ७ नोव्हेंबर १८८५ या दिवशी काढलेले. ठिकाण कॅनडा देशातले क्रेगेलाकी. पांढऱ्या दाढीचा एक गृहस्थ रुळावर वाकून खिळा ठोकतो आहे. भोवती माणसांची गर्दी. त्यातून एक पोरगा डोके काढून बघतो आहे. ते गृहस्थ म्हणजे डोनाल्ड स्मिथ, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनीला पैसा पुरवणाऱ्यांपैकी एक. त्यांनी घाव घातला आणि खिळा वाकला! तो काढून दुसरा लावावा लागला. रोजंदारीच्या मजुराकडून असा खिळा वाकला असता, तर मुकादमाने त्याला काय ऐकवले असते, ते आम्ही सांगायला नको.

हा त्या मार्गाचा शेवटचा खिळा होता. आता तो मार्ग कसा झाला ते पाहू.

कॅनडा हा फार मोठा देश आहे. त्याच्या पूर्वेला अटलांटिक महासागर आणि पश्चिमेला पॅसिफिक महासागर. पश्चिमेचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत १८७१ साली कॅनडात सामील झाला. त्याच्या अटींपैकी एक अशी होती. दहा वर्षांत आमच्यापर्यंत आगगाडी आणा. पण ती मुदत हुकली. मध्ये १८७३ साली, रेल्वेच्या ठेक्यावर डोळा असलेल्या धनिकाकडून पुढाऱ्यांनी निवडणुकीसाठी पैसे घेतल्याचे उघडकीला आले आणि सरकारच पडले. शेवटी फेब्रुवारी १८८१ मध्ये ही कंपनी निघाली. सरकारने तिला अडीच कोटी डॉलर रोख दिले आणि वर अडीच कोटी एकर जमीन दिली. ही जमीन काही ओसाड पडलेली नव्हती बरे का! त्या मैदानांत आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, रानगव्यांची शिकार करून पोट भरत होते.

मैदानात रूळ भराभर पुढे सरकले. खरी अडचण होती ती पश्चिमेच्या डोंगरांत. फ्रेझर नदीच्या दरीत एका अंगाला उभा कडा, तर दुसऱ्या अंगाला खोल पाणी. तिथे सुरुंग लावून खडक फोडायचा आणि बोगदे काढायचे. हा तुकडा सरकारने अँड्र्यू ऑन्डरडाँक या ठेकेदाराकडून करून घेतला आणि पुढे कंपनीच्या हवाली केला. ठेकेदाराला माणसे मिळेनात. म्हणून १८८० ते १८८५ या काळात सुमारे पंधरा हजार चिनी मजूर आणले गेले. काही अमेरिकेतून आले, तर पुष्कळ जण बोटीने थेट चीनमधून आले. बोटीचे भाडे पुष्कळांनी उचल म्हणून घेतलेले होते. ते मजुरीतून फेडायचे.

आता मजुरीचा हिशेब बघा. डॉलर म्हणजे तिकडचा रुपया. त्याचे शंभर सेंट होतात. गोऱ्या मजुराला दिवसाला दीड ते अडीच डॉलर मिळत. चिनी मजुराला एक डॉलर. तोही केव्हा? तर माल ठेकेदाराच्या दुकानातून घेतला तरच. नाही घेतला तर ऐंशी सेंट! सहा दिवसांच्या मजुरीत किती फरक पडेल, ते पाटीवर मांडून पाहा. राहण्या-खाण्याचा खर्चही त्या एका डॉलरातूनच करायचा.

खाणे म्हणजे भात आणि सुकी मासळी. हिवाळ्यात हिरवा पाला मिळत नसे. मग हिरड्या सुजत, दात हलत, अंगातले त्राण जाई. ताजी भाजी व फळे मिळाली नाहीत की हा रोग होतो. काही जण या रोगाने गेले. कोणी सुरुंगात सापडले, कोणी दरडीखाली, कोणी नदीत. निदान सहाशे चिनी मजूर मेले असे मानतात. पुष्कळांची नोंदच झाली नाही.

त्या छायाचित्रात एकही चिनी मजूर दिसत नाही.

काम संपले आणि त्याच १८८५ साली कॅनडा सरकारने नवा कायदा केला. चीनमधून येणाऱ्या माणसाने पन्नास डॉलर डोईपट्टी भरायची. १९०३ साली ती पाचशे डॉलर झाली. रुळाच्या कामावरची मजुरी धरली, तर ही पाचशे दिवसांची कमाई झाली. आणि १९२३ साली तर दारच बंद केले. ते १९४७ पर्यंत बंद राहिले. नवरा इकडे आणि बायको-मुले चीनमध्ये, अशी कितीतरी घरे वर्षानुवर्षे दुभंगलेली राहिली.

कंपनीची मात्र भरभराट झाली. २८ जून १८८६ रोजी मॉन्ट्रियल शहरातून पहिली गाडी सुटली आणि ४ जुलैला पश्चिम किनाऱ्यावर पोचली. पुढे कंपनीने बोटी चालवल्या, मोठमोठी हॉटेले बांधली. २०२३ साली ती दुसऱ्या एका रेल्वे कंपनीशी एक झाली. आता तिचे रूळ थेट मेक्सिको देशापर्यंत जातात.

२२ जून २००६ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी डोईपट्टीबद्दल संसदेत माफी मागितली. ज्यांनी ती भरली होती त्यांना, आणि ते वारले असल्यास त्यांच्या हयात जोडीदाराला, वीस हजार डॉलर देण्याचे ठरले. पट्टी भरलेल्यांपैकी तेव्हा अगदी मोजकेच जिवंत होते.