प्रवेश झाला, पण पदवीचं काय? न्यूयॉर्कच्या कॉलेजांतला एक प्रयोग



‘गळती’ हा शब्द आपल्या प्राथमिक शिक्षकांना पाठ आहे. आपण पटनोंदणी करतो, गृहभेटी देतो, शाळाबाह्य मुलं शोधून आणतो. पण तेच मूल कॉलेजात गेलं की म्हणतो, “चला, लागलं मार्गाला.”

माझी एक जुनी विद्यार्थिनी बारावीनंतर तालुक्याच्या गावी कॉलेजला जाऊ लागली. दोन वर्षांनी तिची आई बाजारात भेटली. म्हणाली, “बाई, तिनं कॉलेज कधीच सोडलं.” एक विषय राहिला होता आणि रोजचं गाडीभाडं परवडत नव्हतं. ती यायची बंद झाली, तरी कॉलेजातून एक फोनही आला नाही. तेव्हापासून मला प्रश्न पडला, कॉलेजातली गळती थांबवता येते का?

याचं एक चांगलं उत्तर न्यूयॉर्कमध्ये मिळतं. तिथलं सरकारी विद्यापीठ म्हणजे सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क. त्याच्या कम्युनिटी कॉलेजांत बारावीनंतरची दोन वर्षांची पदवी असते. गरीब घरची, नोकरी करत शिकणारी मुलं तिथं खूप. प्रवेश भरपूर व्हायचे, पण तीन वर्षांतही पदवी घेणारे थोडेच. म्हणून 2007 मध्ये विद्यापीठानं ‘एसॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला.

यात काय केलं?

1. शिष्यवृत्ती वजा जाता उरलेली फी माफ केली आणि पुस्तकांना मदत दिली.
2. बस-मेट्रोचा मोफत पास दिला. पण पास हवा तर सल्लागाराला नियमित भेटायचं, ही अट.
3. एका सल्लागाराकडे साधारण 60 ते 80 विद्यार्थी ठेवले. एरवी हाच आकडा 600 ते 1500 असायचा. इतक्यांत कुणाचं नाव लक्षात राहणार?
4. विद्यार्थ्यानं पूर्णवेळ शिकायचं आणि ज्या विषयात कच्चं आहे त्याचं उपचारात्मक शिक्षण सुरुवातीलाच घ्यायचं, असा नियम केला.

उपयोग झाला का?

हे एमडीआरसी या संशोधन संस्थेनं तपासलं. तीन कॉलेजांतले 896 विद्यार्थी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले, म्हणजे हुशार मुलं एकीकडे असं व्हायला नको. एका गटाला एसॅप, दुसऱ्याला कॉलेजच्या नेहमीच्या सोयी. तीन वर्षांनी एसॅप गटातल्या 40 टक्के मुलांनी पदवी मिळवली होती, दुसऱ्या गटातल्या 22 टक्के. पुढं ओहायो राज्यातल्या तीन कॉलेजांनी हीच पद्धत वापरली. तिथं 19 टक्क्यांच्या जागी 35 टक्के झाले.

आता तुम्ही म्हणाल, खर्चाचं काय? खर्च मुलामागे सुमारे 60 टक्क्यांनी वाढला. पण गणित करून बघा. समजा एका मुलावर नेहमी 100 रुपये लागतात. 100 मुलांचे झाले 10,000 आणि पदवीधर 22, म्हणजे एका पदवीमागे साधारण 455 रुपये. नव्या पद्धतीत मुलामागे 160, एकूण 16,000 आणि पदवीधर 40. एका पदवीमागे 400 रुपये! मुलामागे मोजलं तर महाग, पदवीमागे मोजलं तर स्वस्त. आपण काय मोजतो यावर संस्थेचा कारभार ठरतो, तो असा.

एक सावधगिरी मात्र हवी. अभ्यासात सगळ्या सोयी एकत्र तपासल्या होत्या. त्यामुळे “फक्त पास द्या, गळती थांबेल” किंवा “फक्त फी माफ करा” असा अर्थ काढू नये. आणि हेही विसरू नये की, इतकं करूनसुद्धा 60 टक्के मुलांची पदवी तीन वर्षांत झाली नव्हती.

आपण काय करू शकतो?

पालकहो, कॉलेज निवडताना नॅकची श्रेणी जरूर बघा. पण सोबत हेही विचारा: “पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी किती मुलं वेळेत पदवी घेऊन बाहेर पडतात? मूल आठवडाभर आलं नाही तर घरी कोण कळवतं?” घरी मुलांना फक्त मार्क विचारू नका. गाडी वेळेवर मिळते का, अडलं तर कुणाला विचारतोस, हेही विचारा.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, आपला विद्यार्थी सहा-सात वर्षांनी कॉलेजात जाईल, तेव्हा त्याला एक फोन करा. आपल्या वर्गातलं मूल तीन दिवस आलं नाही की आपण त्याच्या घरी जातोच ना? न्यूयॉर्कच्या कॉलेजांनी मोठ्या प्रमाणावर आणि हिशेब ठेवून तेच केलं. माझ्या त्या मुलीला असा एक फोन मीही केला नव्हता. यंदा मात्र बारावी झालेल्या माझ्या जुन्या मुलांची यादी करायला घेतली आहे. तुम्हीही करून बघा.