पाइपलाइनचे काम : बिल मोठे, हाती किती?

समृद्धी महामार्गाच्या कडेने गेल कंपनीची मुंबई–नागपूर–झारसुगुडा गॅस पाइपलाइन बुलडाणा जिल्ह्यातून नेण्यात आली. अशा कामाचा मूळ ठेका मोठ्या कंपन्यांना मिळतो. चर खोदणे, पाइप वाहणे, वेल्डिंगला हात देणे, माती भरणे ही कामे मात्र पोटकंत्राटदारांकडे येतात. मेहकर, चिखली, देऊळगाव राजा, मलकापूर भागातील आपल्या बांधवांत वेल्डर, जेसीबीमालक व ट्रकमालक आहेत. त्यांच्यासाठी या धंद्याचा हिशेब आज आपण पाहू.

कमाईचा हिशेब

समजा, जीएसटी सोडून १० लाख रुपयांचे रनिंग बिल झाले. मजुरी ४ लाख, डिझेल व मशीनभाडे साडेतीन लाख, किरकोळ खर्च ८० हजार. कागदावर १ लाख ७० हजार उरले. पण करारात ५ टक्के अनामत कापण्याची अट असेल तर ५० हजार अडकले. व्यक्तीच्या नावावरील ठेक्यावर १ टक्का टीडीएस, म्हणजे १० हजार गेले. ते विवरणपत्र भरल्यावर हिशेबात येतात. हाती आले १ लाख १० हजार.

शिवाय वेल्डिंगचे जोड एक्स-रेने तपासले जातात. नापास जोड पुन्हा करावा लागतो आणि तो खर्च बहुधा काम करणाऱ्यावरच पडतो. पावसात काळ्या मातीचा चर ढासळला तर खोदाई दुबार. ठरलेल्या पट्ट्याबाहेर मशीन जाऊन पीक तुडवले गेले तर शेतकऱ्याची भरपाई वेगळी.

एक अपघात

चर ढासळून ३० वर्षांचा, दरमहा १२ हजार मजुरीचा कामगार दगावला, असे धरू. १९२३ च्या भरपाई कायद्यात मजुरीच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणत असत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच रीत आहे. ६,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १२ लाख ४७ हजार ८८० रुपये. वरच्यासारख्या सात बिलांचा सगळा नफा दिला तरी ही रक्कम पुरी होत नाही. महिन्याभरात न दिल्यास १२ टक्के व्याज, शिवाय दंडही होऊ शकतो. कामगार ईएसआयमध्ये असेल तर गोष्ट वेगळी.

'कंपनीचा विमा आहे' या भरवशावर राहू नये. मूळ कंपनीने भरपाई दिली तरी ती आपल्याकडून वसूल करू शकते. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम येथे गेलच्या पाइपलाइनचा स्फोट होऊन वीसहून अधिक माणसे गेली. अशा धोक्यासाठी १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे; पण तो धोकादायक माल हाताळणाऱ्या मालकासाठी आहे. आपल्या चरातील मजुराची जबाबदारी त्याने उतरत नाही.

कोणता विमा कशासाठी?

१. कामगार भरपाई विमा : मजुरांची खरी संख्या व खरी मजुरी लिहावी. कमी दाखवल्यास दावा अडतो.

२. मशीनचा विमा : जेसीबी, पोकलेनच्या नुकसानीसाठी. रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचाच आहे.

३. कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क : चालू कामाच्या नुकसानीसाठी. मूळ ठेकेदाराच्या पॉलिसीत पोटकंत्राटदाराचे नाव आहे का, हे पाहून तिची प्रत मागावी.

४. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना : वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघात संरक्षण. मालकाने स्वतःचाही उतरवावा.

शरीअतचा प्रश्न

विमा जायज आहे का, असे वाचक नेहमी विचारतात. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८५ मध्ये व्यापारी विमा नाजायज व परस्पर सहकार्याचा विमा जायज ठरवला. कायद्याने सक्तीच्या आणि निकडीच्या विम्याबाबत अनेक उलेमा सवलत देतात. आपल्या भागातील जाणकार मुफ्तींना करार दाखवून विचारावे. मात्र विमा घेतला नाही म्हणून मजुराच्या वारसांचा हक्क बुडत नाही. तो आपल्या अंगावरचे कर्जच आहे.

म्हणून दर भरतानाच हप्त्याचा खर्च त्यात धरा. अनामत केव्हा सुटेल, नापास जोडाचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्या. सूरह बकराची २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यास सांगते. ओळखीवर तोंडी ठेका घेणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवावी. रोजी हलाल हवी, तशी ती मजुराच्या घरालाही सुरक्षित हवी.