मिश्रीचे बोट आता तपासणीला लावा



गिरणीतून पीठ आणले की आपण ते चिमटीत धरून चोळून पाहतो. बारीक की जाडे, ते लगेच कळते. बोट नुसते टेकवले तर ते तितके कळत नाही, घासले की कळते. बोटाच्या टोकावर बारीक रेषा असतात. बोट सरकताना घर्षणाने त्या थरथरतात आणि कातडीखालच्या मज्जातंतूंची टोके ती थरथर मेंदूपर्यंत पोहोचवतात. याच बोटाने आपल्या अनेक माता-भगिनी रोज हिरड्यांना मिश्री घासतात. त्याच बोटाने महिन्यातून एकदा तोंड तपासावे, एवढेच आमचे सांगणे.

तपासणी कशी करावी?
दर पौर्णिमेला विहारात जाण्याआधी हात स्वच्छ धुवा, चूळ भरा आणि उजेडात आरशासमोर बसा. ओठ, हिरड्या, गाल, जीभ, जिभेखालची जागा आणि टाळू पाहा. मग एक बोट आत आणि अंगठा बाहेर ठेवून गाल हलकेच चाचपा. हिरडीवरून व जबड्याच्या हाडावरून बोट सावकाश सरकवा. दोन्ही बाजू सारख्या लागतात का, ते पाहा. शेवटी जबड्याखाली व मानेत गाठ आहे का, ते पाहा. कोयत्याने बोटांना घट्टे पडले असतील, तर ज्या बोटाला घट्टा कमी ते वापरा.

कशाने सावध व्हावे?
- पांढरा किंवा लाल चट्टा, खरखरीत जागा
- दोन आठवड्यांत न भरलेली जखम
- जबड्याला फुगवटा, कारण नसताना हलणारा दात
- खालचा ओठ बधिर होणे
- तोंडात तीन बोटे उभी न मावणे

दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणारे 'पट्टा पडल्यावर बघू' म्हणतात. तेवढ्या महिन्यांत गाठ हाडात शिरू शकते.

ऑपरेशनमध्ये काय करतात?
जबड्याची प्रत्येक गाठ कॅन्सर नसते. अमेलोब्लास्टोमा ही गाठ सहसा कॅन्सरची नसते, हळू वाढते, पण हाड पोखरते. नुसती खरवडली तर पुन्हा उद्भवण्याचा धोका जास्त, म्हणून बऱ्याचदा भोवतीच्या थोड्या निरोगी हाडासह काढतात. कॅन्सर हिरडीवरून हाडापर्यंत गेला असेल, तर जबड्याची कड किंवा पूर्ण तुकडा काढावा लागतो, बऱ्याचदा मानेतल्या गाठीही. मोकळ्या जागी पायातले बारीक हाड रक्तवाहिन्यांसह बसवता येते. शरीराचा भार मुख्यतः शेजारचे जाड हाड पेलते, त्यामुळे माणूस पुन्हा चालतो. जबड्यातली नस कापावी लागली तर ओठाचा स्पर्श जातो. लवकर आलेल्या रुग्णाचे ऑपरेशन लहान होते.

'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' ही भीती खोटी आहे. तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्के होत नाही. अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू नका.

खर्चाचे काय?
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया बसतात. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. चौकशीसाठी मोफत क्रमांक १५५३८८. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६.

राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मिश्रीची भाजणी घरातच होते. ती बंद करणे आपल्याच हातात आहे. पाचवे शील आपल्याला नशेपासून दूर राहायला सांगते. त्यात तंबाखूही धरूया.