‘शाकाहारी’ असं लिहून दिलं होतं, तरीही

पोर्टो रिकोच्या जुन्या सान हुआनमध्ये पायी हिंडत खाण्याची टूर घेणार असाल आणि सोबत पक्कं शाकाहारी माणूस असेल, तर आधी हे वाचा. आमचे अण्णा, माझे सासरे, माळकरी. मांस, मासे, अंडी, चरबी, मांसाचं पाणी, काहीही चालणार नाही, असं मी बुकिंगच्या वेळीच कळवलं होतं. ‘काळजी नको, सोय होईल’ असं लेखी उत्तर आलं. ते अजून माझ्याकडे आहे.

गाइड बोलण्यात पटाईत. निळसर फरश्यांचे रस्ते, 1539 मध्ये बांधायला घेतलेला एल मोरो किल्ला, सगळं रंगवून सांगत होता. एका उपाहारगृहात ‘आरोस कोन गांदुलेस’ आला. भातात तुरीचे दाणे पाहून अण्णा हरखलेच. तूर मूळची आपल्याकडची. तिकडे हा भात सणासुदीला हवाच. “यात मांस आहे का?” मी विचारलं. “तुमच्या ताटात नाही,” गाइड म्हणाला. अण्णांनी मागून घेऊन खाल्ला.

पुढचा थांबा मोफोंगोचा. भाजीची कच्ची केळी तळून लाकडी खलात लसणाबरोबर कुटतात आणि त्यात डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे, चिचारोन, घालतात. अण्णांच्या खलातही ते पडले. मी ओरडले, तर गाइडने बोटांनी तुकडे उचलून बाजूला ठेवले आणि हसत म्हणाला, “झालं शाकाहारी!” माझ्या पोटात धस्स झालं. मग मघाचा भात?

तशीच मागे गेले. स्वयंपाकीणबाईंनी काही लपवलं नाही. हॅम फोडणीतच असतं. एका ताटातले तुकडे वेचून द्या, असं गाइडनेच सांगितलं होतं. म्हणजे त्याला ठाऊक होतं! जाब विचारला तर म्हणे, “चवीपुरतंच असतं. इतक्या लोकांत तुमचीच तक्रार.” अण्णांनी गळ्यातली माळ काढून रुमालात बांधली आणि त्या दिवशी पाण्यापलीकडे काही घेतलं नाही. शेवटी त्या माणसाने टिपेसाठी आमच्यापुढेही हात केला. आम्ही दिली नाही, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

तिकडे नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. ‘सिन हामोन, सिन तोसिनो, सिन मान्तेका, सिन काल्दो’, म्हणजे हॅम, डुकराची चरबट पट्टी, चरबी आणि मांसाचं पाणी नको, असं कागदावर लिहून थेट स्वयंपाकघरात दाखवा. गाइडच्या हाती तो कागद देऊ नका. शिजवलेल्या घेवड्यात आणि भातात हॅम असणारच असं धरून चला. तोस्तोनेस ही केळ्याचीच चकती, पण बकालाइतो नावाची खाऱ्या माशाची भजी त्याच तेलात तळलीत का, ते विचारा. मायोर्का पावात अंडं असतं. चिचारोनशिवाय, नुसत्या लसूण-तेलातला मोफोंगो मागता येतो. समोर कुटून घ्या. पिरागुआ हा फळांच्या पाकाचा बर्फगोळा आणि तिथली कॉफी अण्णांना चालली असती, पण टूरमध्ये दोन्ही नव्हतं.

बाकी, पाणी जवळ ठेवा, टोपी घाला. पावसात त्या फरश्या फार निसरड्या होतात, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट हवेत. पैसे क्रेडिट कार्डानेच भरा. ‘टूर पूर्ण झाली, परतावा नाही’ एवढंच कंपनीने कळवलं. मी त्यांच्या लेखी आश्वासनाची प्रत जोडून बँकेकडे तक्रार केली आहे आणि निकाल लागेपर्यंत ती मागे घेणार नाही.