स्प्रे मारून पळवलेला गुडघा

पोलीस भरतीची तयारी करताना गुडघा दुखायला लागला, की यवतमाळात आधी डॉक्टर भेटत नाही, स्प्रे भेटतो. आमच्या अकॅडमीच्या सरांच्या ट्रॅकसूटच्या खिशात तो कायम असायचा. गार फवारा मारला की दुखणं थोडा वेळ बधिर होतं. "झालं ना? चल, दोन राउंड बाकी आहेत." माझा गुडघा असा कितीदा पळवला गेला, ते सरांना आज विचाराल तर त्यांना मी आठवणारही नाही. फ्लेक्सवर लावायला मात्र आठवले, पण ते पुढे सांगते.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात पोरगी पळते ती एसटी सुटायला लागली तरच. बीए होईपर्यंत मी कधी मैदानाला फेरी मारली नव्हती. आणि भरतीत मुलींना ८०० मीटर. २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत आलात तर २० पैकी २०, पुढे दर दहा सेकंदांना गुण घसरत जातात. १०० मीटर आणि गोळा धरून मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात निम्मे तर हवेतच, पण लेखीला एका जागेमागे दहाच जण बोलावतात, म्हणून निम्म्यांवर कोणाचं भागत नाही. पोरगी लंगडत का होईना पळते ती यासाठी. घरच्यांना आणि सरांनाही हे माहीत असतं, आणि सर त्याचाच फायदा घेतात.

पहिल्याच आठवड्यात आम्हा नव्या मुलींना पहाटे डांबरी रस्त्यावर सोडलं, दोन-दोन वर्षं घासून तयार झालेल्या पोरांच्या मागे. रोज पाच किलोमीटर. वर उतारावरून जोरात खाली यायचे राउंड. उशीर झाला की शिक्षा म्हणून डक वॉक, म्हणजे उकिडवं बसून बदकासारखं चालत अख्खं मैदान. ज्या गुडघ्याला अजून धड पळायची सवय नाही, त्याला पूर्ण दुमडून त्यावर अंगाचा सगळा भार टाकायचा. ही शिक्षा कोणत्या शास्त्रात बसते, ते सरांनाच ठाऊक.

दुखणं वाटीच्या मागे सुरू झालं. पळताना कमी, पळून झाल्यावर जास्त. जिना चढताना चालायचं, उतरताना जीव जायचा. यवतमाळहून दारव्ह्याला एसटीत गुडघा दुमडून बसले की उतरताना तो सरळच होत नसे. शेवटच्या पायरीवर दांडा धरून मी उभी राहायचे आणि मागून कंडक्टर ओरडायचा. हे सरांना सांगितलं तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "काऊन वं, नाटक करायले आली का इथं? पोरींचे गुडघे नाजूकच राह्यते, म्हणून तर तुम्हाले आठशेच ठेवलं." पोरं हसली. गुडघ्यापेक्षा ते हसणंच मला अजून सलतं.

गावात गेले तर शेजारच्या आजीनं बिब्बा लावला. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते. गुडघ्यावर टरारून फोड आले आणि आतलं दुखणं जसंच्या तसं राहिलं. माया होती म्हणून आजीला काही बोलले नाही, पण तुम्ही लावू देऊ नका. डाग अजून आहे.

मग एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पाय हातात घेण्याआधीच एमआरआय लिहून दिला. कापसाचे आलेले पैसे त्यात गेले. रिपोर्टमध्ये मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या गादीला, 'ग्रेड १' असं काहीतरी लिहिलेलं होतं. डॉक्टर कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "पळणं विसरा. बँकेची परीक्षा द्या." बाबा बाहेर येऊन नुसते बसून राहिले. आता मला ठाऊक आहे, की लंडनमध्ये ज्यांचं काहीच दुखत नव्हतं अशा ११५ लोकांच्या गुडघ्यांचा एमआरआय काढला होता आणि ९७ टक्के गुडघ्यांत काही ना काही सापडलं. २०२० सालचा अभ्यास आहे तो. म्हणजे कागदावर काहीतरी लिहून येणारच. दुखणं त्याच्यामुळेच आहे का, हे पाय तपासल्याशिवाय कसं कळणार?

ते कळलं यवतमाळातल्याच एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे. त्यांनी गुडघ्याला हातही लावला नाही. वीतभर उंचीच्या पाटावर आरशासमोर एका पायावर उभं केलं आणि सांगितलं, "दुसऱ्या पायाची टाच हळूहळू जमिनीला टेकव." मी खाली जायला लागले तसा दुखरा गुडघा आत वळला, दुसऱ्या गुडघ्याला भेटायला निघाल्यासारखा, आणि कंबर एका बाजूला कलली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्या म्हणाल्या, "बघ, कमरेचे आणि मांडीचे स्नायू पाय धरून ठेवत नाहीत. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वरखाली सरकते, तिच्यावर सगळा ताण येतोय." मग विचारलं, अकॅडमीच्या आधी आठवड्याला किती पळायचीस? शून्य. पहिल्या आठवड्यात? तीस किलोमीटर. त्यांनी माझ्याच वहीत दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिले आणि काही बोलल्या नाहीत. मला तिथं रडू आलं ते रागानं. हे दोन आकडे विचारायला सरांना किती वेळ लागला असता?

आता जे शिकले ते सांगते, क्रम लावत बसत नाही.

गुडघा सुजला, मध्येच अडकला, चालताना दगा देऊन खचला, किंवा 'खट्' होऊन काही तासांत फुगला, तर हा लेख बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. माझं दुखणं तसलं नव्हतं.

वाटीमागचं दुखणं असेल तर पूर्ण झोपून राहणं हा उपाय नाही. मी महिनाभर खाटेवर काढला, स्नायू आणखी ढिले झाले. दुखणं दहापैकी दोन-तीनच्या आत राहील इतकंच करायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून बघायचा. कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर काल जास्त झालं, एवढा साधा हिशेब. मी आधी नुसती चालले, मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं.

व्यायाम कंटाळवाणे आहेत आणि तेच कामाला येतात. उताणं झोपून पाय सरळ ठेवून उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, खुर्चीत अर्धवट बसून उठणं, आणि तो पाट. फरक पडायला दीड-दोन महिने सहज लागतात. आठवड्यात बरं करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

पावलं आखूड आणि जलद टाका. वेग तोच ठेवून मिनिटाला पावलं थोडी वाढवली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. लांब ढांगा टाकायला लावणारे सर टीव्हीवरच्या शर्यती बघून शिकवतात.

दुखण्याची गोळी खाऊन पळायचं नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, अंगातलं पाणी आटलेलं असतं, त्यात त्या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतात. बर्फ लावा हवं तर, कपड्यात गुंडाळून. त्यानं फक्त दुखणं दबतं. पाणी प्या, झोप घ्या, बूट झिजले की बदला, हे सगळे सांगतातच.

डांबर सोडा म्हणतात, पण कुठं पळायचं? उन्हाळ्यात काळ्या शेतजमिनीला भेगा पडतात, पाय मुरगळतो. पावसाळ्यात तीच माती बुटाला किलोभर चिकटते. मला मानवली ती बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांकडेची पायवाट. एकटीनं मात्र जाऊ नका.

आठवड्याला दहा टक्केच वाढवा, असा एक नियम सांगतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला ५३२ नवशिक्यांवर तो तपासला, २००८ मध्ये निष्कर्ष छापून आला. हळू वाढवणारे आणि दुसरे, दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला इजा झालीच. सर हे वाचतील तर खूश होतील. पण त्या दुसऱ्या गटालाही कोणी पहिल्या आठवड्यात तीस किलोमीटर पळवलं नव्हतं, डक वॉक तर दूरच.

जून २०२४ मध्ये राज्यभर ऐन पावसात मैदानी चाचण्या झाल्या. माझं ग्राउंड निघालं, स्प्रे न मारता. लेखीत थोडक्यात राहिले. तेवढ्यात अकॅडमीच्या फ्लेक्सवर 'आमच्या यशस्वी विद्यार्थिनी' खाली माझा फोटो लागला, न विचारता. फोन करून म्हटलं, फोटो काढा, नाहीतर मी अकॅडमी अर्ध्यातून सोडली, त्या पुढच्या महिन्यांची फी परत द्या. "फी परत करायचा नियम नाही," एवढंच उत्तर आलं. पावती तर त्यांनी कधी दिलीच नव्हती.

अकॅडमी लावणार असाल तर शिकवणाऱ्यानं बीपीएड केलंय का ते विचारा, पावती घ्या, आणि नव्या मुलींची बॅच वेगळी आहे का ते पहाटे स्वतः जाऊन बघा. याआधी किती पळलीस, गुडघा-घोटा कधी दुखावला होता का, हे पहिल्या दिवशी तुम्हाला विचारलं गेलं पाहिजे. आमच्या सरांनी मला विचारलं होतं ते एवढंच, रोख देणार का फोनपे.